अळणी श्रावण

आमच्या चाळीत मला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे आणि मला त्याचा भारी तोरा होता. मरोळच्या बाजूला, अंधेरी-कुर्ला रस्त्यापासून जरा आत, पंधरा खोल्यांची बैठी चाळ. तिथे मॅट्रिकच्या पुढे शिकलेली बाई मी एकटी. म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. कुणाला गावी पत्र लिहायचं असलं, मुलाचं नाव शाळेत घालायचं असलं, डॉक्टरची चिठ्ठी वाचून हवी असली, की मला हाक. मीही सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, मला विचारल्याशिवाय काही करत जाऊ नका. या तोऱ्यापायी मी माझ्या भावाचं वाटोळं केलं, असं म्हटलं की लोक म्हणतात, असं बोलू नये. बरं, नाही बोलत. लिहिते.

तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. वडील परळच्या गिरणीत होते, ते मी अकरावीत असताना गेले. मग घरात आई, मी आणि तो. आई सावंतवाडीकडची. मुंबईत तीस वर्षं काढूनही मालवणीच बोलायची, आणि समोरच्याला कळलं नाही तर दोष समोरच्याचा. भाऊ शाळेत कधी रमला नाही, पण हात असे की बघत राहावं. साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात तो लेथवर टर्नर म्हणून लागला आणि दोन वर्षांत बारीक कामं त्याच्याकडे यायला लागली. लोखंडाची सळई फिरतेय, हा वाकून बघतोय, हत्यार केसाएवढं पुढे सरकवतोय. मायक्रोमीटर लावायच्या आधीच बोटाने चाचपून माप सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. फोरमन आमच्याच बाजूचा होता, तो आईला म्हणायचा, वैनी, तुमच्या मुलाच्या बोटांत डोळे आहेत.

एकविसाव्या वर्षी त्याचं पहिल्यांदा बिनसलं. बिनसलं हे मी आज म्हणते. तेव्हा आम्हाला वाटलं पोरगा खुलला. एरवी चार शब्द बोलणारा तो सकाळपासून बोलत सुटायचा. हसायचा, हसवायचा, सगळ्या चाळीचं पाणी एकटा भरून द्यायचा. एका रविवारी त्याने शेजारच्या काकूंचं शिलाई मशीन सुधारून देतो म्हणून खोललं. मग कोपऱ्यातल्या खोलीतला रेडिओ खोलला. मग आमचा स्टोव्ह. दुपारपर्यंत पडवीभर वर्तमानपत्रं, त्यावर ओळीने मांडलेले स्क्रू, स्प्रिंगा आणि चकत्या, आणि मध्ये हा घामाने निथळत सांगतोय की या तिन्हींतून तो एक चौथंच यंत्र काढणार आहे आणि त्याची बोलणीसुद्धा सुरू आहेत. कुणाशी बोलणी, ते काही शेवटपर्यंत कळलं नाही. पोरं 'झकास रे' म्हणाली. संध्याकाळी काकूंना पोलकं शिवायचं होतं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

दीड महिन्याने तो भिंतीकडे तोंड करून झोपला तो उठेचना. आंघोळीला न्यायला आम्ही दोघी लागायचो. मी कशालाच लायक नाही, एवढंच एक पालुपद. मी त्याला वर्गात दटावतात तसं दटावायची, की आळशीपणा पुरे झाला, ऊठ. आजारी माणसाला आळशी म्हणायला माझी जीभ कशी वळायची, देव जाणे. आईचं निदान ठरलेलं होतं: 'ह्येका भायरचा काय तरी लागला हा.' तिने गावी गाऱ्हाणं घालायला पत्र पाठवलं, अंगारे आले, कोंबडा झाला. दोन-तीन महिन्यांनी तो आपोआप उठला, कामाला गेला. देव पावला म्हणून आई खूश.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच, आणि जास्त. या खेपेला त्याने कारखान्याच्या मालकालाच बाहेर काढलं. 'तुम्ही दमलात, आजपासून घरी बसा, मी बघतो,' असं प्रेमाने सांगून आतून कडी लावली. फोरमनने मिनतवारी केली म्हणून नोकरी राहिली. तेव्हा मात्र मी अंगाऱ्यांवर विसंबले नाही. शहरातल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात मनाच्या आजारांची ओपीडी असते असं कळलं होतं, तिथे त्याला घेऊन गेले. आईला सांगितलं, डोकेदुखी दाखवायला नेतेय.

तिथले डॉक्टर पन्नाशीचे, कोरडे, पण नीट समजावून सांगणारे. म्हणाले, चढ आणि उतार हे दोन आजार नाहीत, एकच आहे. त्यावर एक औषध आपल्याकडे नुकतंच मिळायला लागलंय, लिथियम नावाचं. घेतलं तर माणूस नोकरी-धंदा करू शकतो, फक्त ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं आणि सांभाळून घ्यावं लागतं. ही गोळी म्हणजे एक प्रकारचा क्षार. शरीराला रोजचं मीठ मिळालं नाही तर ते हा क्षार धरून ठेवतं, तो अंगात साठतो आणि विषासारखा होतो. म्हणून मीठ नेहमीइतकं खायचं, पाणी भरपूर प्यायचं, दर महिन्याला रक्त तपासायचं, आणि उपासतापास करायचे असतील तर आधी येऊन विचारायचं. एवढं सांगून ते मला म्हणाले, 'काय सांगितलं मी? म्हणून दाखवा.'

मी शिक्षिका. पोरांकडून पाठ म्हणवून घेणारी. मला असला राग आला म्हणता! पण म्हणून दाखवलं, एकही शब्द न चुकता. डॉक्टर म्हणाले, शाब्बास. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी तेव्हाच घालवून बसले.

घरी आल्यावर खरं दुखणं सुरू झालं, कारण तो गोळी घेईना. आईचा तर प्रश्नच नव्हता. गोळ्यांची पुडी बघून तिने विचारलं, ही येड्याची गोळी काय? घरात नको, तुझा लगीन होवचा आसा. मी थाप मारली की ही रक्तवाढीची गोळी आहे, टॉनिक. तिला पटलं. मास्तरीणबाई सांगतेय म्हटल्यावर का पटणार नाही?

त्याला मात्र थाप चालली नाही. मी वेडा नाही, हे त्याचं पहिलं. गोळीने तहान लागते, तोंड कडू होतं, हे दुसरं. रोज माझ्यासमोर गोळी तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा, आणि मी समाधानाने शाळेत जायची. एकदा त्याच्या सायकलच्या हँडलची रबरी मूठ सैल झालेली दिसली म्हणून ओढली, तर आतून ओल्या-सुक्या अकरा गोळ्या अंगणात पडल्या. मी कडाडून भांडले. तो शांतपणे म्हणाला, 'ताई, ते दिवस चांगले असतात गं. मला सगळं एकदम दिसतं. तुम्ही त्याला आजार म्हणता. मला तेवढेच दिवस जगल्यासारखे वाटतात.' यावर मी आणखी ओरडले.

खरं कारण त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं. गोळीने हात थरथरतात. फार नाही, इतरांना दिसणारही नाही, पण लेथवर उभं राहिलं की त्याला जाणवतं. हात गेला की मग माझ्याकडे काय राहिलं, सांग? हे तो भांडणाच्या सुरात म्हणाला नव्हता. खाली बघून, सायकलची मूठ परत चढवत म्हणाला होता.

मग आम्ही एक करार केला. सुचला मलाच, आणि मला त्याचं कोण कौतुक! दर रविवारी सकाळी मी बशीत काठोकाठ चहा ओतायचा. त्याने ती बशी दोन बोटांवर उचलून ओठांपर्यंत न्यायची. एक थेंब जरी सांडला तरी गोळी त्या दिवसापासून बंद आणि मी एक शब्द काढायचा नाही. नाही सांडला तर पुढचा आठवडा त्याने मुकाट्याने गोळी गिळायची, तीही जीभ वर करून दाखवून. त्याने विचारलं, आणि काही झालं तर? मी म्हटलं, 'मी आहे ना. तू माझ्यावर सोड.' त्याने सोडलं. माझ्यावर सोडलं हो त्याने सगळं.

पहिल्या रविवारी बशी किंचित हलली, पण सांडली नाही. डॉक्टरांनी गोळी थोडी कमी करून दिली. महिन्याभरात थरथर इतकी कमी झाली की तो बशी उचलून वर मलाच विचारायचा, भर ना अजून, एवढीशीच? आई बघायची आणि म्हणायची, ही दोगां भावंडां चहाचो काय खेळ करतत. सहा महिने असे गेले की मी आजही ते महिने मनात काढून बघते. ना चढ, ना उतार. फोरमनने बारीक कामं परत त्याच्याकडे दिली. संध्याकाळी घरी येऊन तो शेजाऱ्यांचे स्टोव्ह दुरुस्त करायचा आणि, मुख्य म्हणजे, परत जोडून द्यायचा. आषाढात एकदा शाळेच्या गडबडीत मी गोळी द्यायला विसरले, तर त्यानेच दारात हात पुढे केला. 'ताई, माझी गोळी?' त्या दिवशी शाळेत जाताना मी रस्त्याने एकटीच हसत होते.

पुढच्या महिन्यात श्रावण लागला.

आईने तो आजारी असताना नवस बोलून ठेवला होता, आम्हाला न सांगता. 'माझो झील बरो होवंदे, आमी दोघांय श्रावणभर अळणी खातलव.' आता तिचा मुलगा बरा झाला होता, तेव्हा नवस फेडायचा. आमच्याकडे श्रावणात मासे बंद असतातच, त्यात आता मीठही बंद. भात अळणी, आमटी अळणी, भाजी अळणी; पापड-लोणच्याची बरणी वर फळीवर. सोमवारी तर निव्वळ उपास. मला सूट होती, कारण नवस माझ्यासाठी नव्हता.

पहिल्या दिवशी सकाळी त्याने ताटाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. आई नळावर गेली होती. त्याने हळूच विचारलं, 'ताई, डॉक्टर मिठाचं काहीतरी म्हणाले होते ना?'

मी आरशासमोर वेणी घालत होते, शाळेला उशीर होत होता. मला आठवत नव्हतं असं नाही. लख्ख आठवत होतं. पण आईला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की रक्तवाढीच्या गोळीला मीठ लागतं? मग ती विचारणार, ही कसली गोळी? मग सगळंच बाहेर येणार, आणि माझं लग्न नुकतंच जमत आलेलं, श्रावणातच साखरपुडा करू असं मुलाकडचे म्हणत होते. आणि मनात दुसरंही एक शहाणपण होतंच. शेजारच्या काकांना बीपीवर डॉक्टरांनीच मीठ कमी करायला सांगितलं होतं आणि त्यांना बरं वाटत होतं. मीठ कमी खाल्लेलं प्रकृतीला चांगलंच असतं, हे काय मला कळत नाही? एका महिन्याने काय होणार आहे?

'काही होत नाही,' मी म्हटलं. 'खा मुकाट्याने.'

'तू म्हणतेस तर,' तो म्हणाला आणि जेवला.

तो कुठल्याच गोष्टीत अर्धवट नव्हता. दुसरा कोणी असता तर कारखान्याच्या नाक्यावर गुपचूप दोन वडे खाऊन आला असता आणि वाचला असता. हा घरचा अळणी डबा नेऊन लेथच्या गरमीत, घामात दिवसभर उभा राहायचा. आईने माझ्यासाठी एवढं केलं, मी महिनाभर मीठ सोडू शकत नाही का, असं मित्रांना सांगायचा.

दुसऱ्या रविवारी बशी हातात घेतली तेव्हा ती बोटांवर लटलट हलली. चहा काठावर आला, पण सांडला नाही. तो म्हणाला, हात जड वाटतोय गं. मी म्हटलं, उपासाने अशक्तपणा आलाय. त्या आठवड्यात रक्ततपासणीची तारीख होती. साड्या घ्यायला जायचं होतं म्हणून मी ती पुढे ढकलली. तिसऱ्या रविवारी मी काय केलं माहीत आहे? बशी अर्धीच भरली. त्याने बशीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी धरून चहा पिऊन टाकला. करार मोडला होता मी, आणि गोळी त्याने पुढेही घेतली. माझ्या हातून.

चौथ्या आठवड्यात त्याला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. बाहेरचं काही खाल्लं असशील, असं मी म्हटलं. बाहेरचं खाल्लं असतं तर! गुरुवारी भरदुपारी कारखान्यातले दोघेजण त्याला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. पाय एकमेकांत अडकत होते, मान एका बाजूला, जीभ जड. पडवीत बायका बसल्या होत्या, सगळ्यांनी बघितलं. चार दिवसांवर साखरपुडा. माझं डोकं फिरलं. दारू पिऊन आलास, श्रावणात, आई तुझ्यासाठी अळणी खातेय आणि तू हे दिवे लावतोस, असं सगळ्यांसमोर बोलत मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण शब्द निघेना. त्याला धरून उभा असलेला एकजण खाली मान घालून म्हणाला, 'बाई, वास घेऊन बघा. त्याने घेतलेली नाही.'

वास नव्हता. मग मला समजलं. सगळं एका क्षणात समजलं.

टॅक्सीने त्याच इस्पितळात नेलं. भावाला ताप आलाय असं कळवून साखरपुडा पुढे ढकलला. तीन दिवस तो शुद्धीत असल्या-नसल्यासारखा होता. हाताला सुई लावून बाटली चढवत होते, आणि त्या बाटलीत काय, तर मिठाचंच पाणी. मी त्या थेंबांकडे बघत बसायची. चौथ्या दिवशी तो जरा माणसात आला, डोळे ओळखीचे झाले, बोलणं अजून फुटत नव्हतं. तेव्हा डॉक्टर रक्ताचा कागद घेऊन खाटेजवळ आले. आई पायाशी अंगारा घेऊन उभी. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, त्यामुळे ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या जास्त गेल्या का? नाही, मी माझ्या हाताने देते. जुलाब कधीपासून? दोन दिवस आधीपासून. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मीठ? मीठ बंद केलं होतं का? काही उपास?

'नाही,' मी म्हटलं. 'नेहमीसारखंच.'

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी आईसाठी खोटं बोलले. तिच्या नवसाने पोरगा मरणाच्या दारात गेला हे कळलं असतं तर ती माउली तिथेच कोसळली असती. हे खरंच आहे. पण पुरतं खरं नाही. ज्याला पाठ म्हणून दाखवला होता त्या माणसाची बोलणी मला खायची नव्हती. बस, एवढंच. शाब्बास म्हणाले होते ना मला.

'सॉल्ट' हा शब्द माझ्या भावाला कळत होता. उशीवरून त्याने माझ्याकडे बघितलं. बोलता येत नव्हतं तरी मान हलवता येत होती. त्याने ती हलवली नाही.

डॉक्टरांनी हातातला कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, मीठ नेहमीसारखं, गोळ्या मोजून, आणि तरीही रक्तात एवढी वाढ, याचा अर्थ याच्या मूत्रपिंडांना हे औषध झेपत नाही. केसपेपरवर त्यांनी लाल शाईने दोन ओळी लिहिल्या आणि खाली रेघ मारली. हे औषध याला पुन्हा कधीही द्यायचं नाही. मला म्हणाले, वाईट वाटतं, याला हे फार चांगलं लागू पडलं होतं. मी मान डोलावली.

घरी आल्यावर आईने दृष्ट काढली. म्हणाली, 'अळणी खाल्लंव म्हणान वाचलो माझो झील.' तो तिच्याकडे बघून हसला. नंतर पडवीत मी त्याला म्हटलं, आईला कळता कामा नये, ती जीव देईल. त्याने विचारलं, मग ती गोळी आता मला मिळणार नाही? मी म्हटलं, दुसऱ्या असतात. तो म्हणाला, बरं. थोबाडीत मारल्याबद्दल मी माफी मागायची होती, तीही राहिली.

दुसऱ्या होत्या. त्यांनी तो दिवसभर झोपेत चालल्यासारखा व्हायचा, जीभ जड, हात लाकडासारखे. लेथवर उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून तो त्या सोडून द्यायचा. मग चढ, मग उतार, मग इस्पितळ, शॉक, पुन्हा गोळ्या, पुन्हा सोडल्या. कारखाना सुटला. चाळ म्हणायची, पोरगा हट्टी आहे, औषध घेत नाही, त्याला कोण काय करणार? नातेवाईक म्हणायचे, फोरमन म्हणायचा. मीसुद्धा म्हणायची. जी गोळी त्याने हात पुढे करून मागितली होती ती मी बंद केली, आणि मीच चारचौघांत सांगायची की आमचा हा गोळ्या घेत नाही.

माघात माझं लग्न होऊन मी बोरिवलीला गेले. सासरी भावाची प्रकृती नाजूक आहे एवढंच माहीत होतं. मुलगी झाली, बदली घेऊन तिकडच्या शाळेत लागले. अशी चार-पाच वर्षं गेली.

एका दुपारी तो एकटाच बोरिवलीला आला. बऱ्या दिवसांतला होता, पण पार वाळलेला. येताना मुलीला पेरू घेऊन आला होता. माझा स्टोव्ह फुरफुरतोय हे बघून त्याने तो खोलला, साफ केला, परत जोडला. हात जरा हलत होते. जोडता जोडताच, माझ्याकडे न बघता म्हणाला, 'ताई, तू डॉक्टरांना मिठाचं सांगशील? आईला नको कळू दे. फक्त त्यांना. माझ्यासारख्याचं ते खरं मानणार नाहीत, तुझं मानतील. मला ती गोळी परत पाहिजे.' मी मुलीसाठी पेरू चिरायला घेतला. तो म्हणाला, 'ती गोळी होती तेव्हा ते सगळं एकदम दिसणारे दिवस नव्हते, पण मी रोज कामाला जात होतो गं. मला तेवढं पुरतं.'

ज्या पोराच्या मागे लागून मी गोळी गिळवली होती, तो गोळीसाठी माझ्या दारात आला होता. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, येते ना. सहामाही परीक्षा आहेत, दिवाळी होऊ दे, मग जाऊ. तो बरं म्हणाला, चहा प्यायला. बशीत नाही, कपाने.

दिवाळी झाली. पाहुणे होते, पेपर तपासायचे होते, मुलगी तापली. आणि खरी गोष्ट अशी, की त्या डॉक्टरांसमोर उभं राहायचं माझं धाडस होत नव्हतं. मग त्याचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ: ताई, दिवाळी होऊन गेली. ते माझ्या सासऱ्यांनी आधी वाचलं आणि विचारलं, हे काय? मला त्याचाच राग आला. उघड्या कार्डावर असलं लिहितात का? रागात आणखी तीन आठवडे गेले.

मार्गशीर्षात तो गेला. उताराचे दिवस होते. कसा गेला ते आमच्या घरात कोणी बोललं नाही, मीही लिहिणार नाही. आई पुढे अकरा वर्षं जगली आणि दर श्रावणात त्याच्या नावाने अळणी खात राहिली. मी माहेरी गेले की तिचा तो भात मीच शिजवायची. तिला मी कधीच सांगितलं नाही.

तेराव्यानंतरच्या सोमवारी मी एकटी त्या ओपीडीत गेले. कुणी बोलावलं नव्हतं. डॉक्टर तेच होते, केस पिकलेले. त्यांनी मला लगेच ओळखलं: तुम्ही त्या शिक्षिका ना, धडाधड म्हणून दाखवणाऱ्या? मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. की तेव्हा त्याने महिनाभर मीठ खाल्लं नव्हतं, मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी ओरडायला हवं होतं.

त्यांचा चेहरा उजळला. 'अहो, मग तर फार बरं झालं सांगितलंत,' ते म्हणाले. 'म्हणजे त्याच्या मूत्रपिंडांत दोष नव्हताच. गोळी परत सुरू करता येईल. गुरुवारी घेऊन या त्याला.'

समोरच्या कागदावर त्यांनी तारीख लिहिली आणि तो माझ्या हातात दिला.

'हो,' मी म्हटलं, 'आणते.'